मोटारीचे घरगुती निदान

रोग ओळखल्यावाचून औषध देऊ नये, हा आपल्या वैद्यकाचा जुना दंडक आहे. आधी निदान आणि मग चिकित्सा, हा क्रम उलटला की पैसा जातो, वेळ जातो आणि रोग मात्र जागच्या जागी राहतो. हा दंडक माणसांपुरताच आहे असे मुळीच नाही; यंत्रांनाही तो तितकाच लागू पडतो. अँबॅसिडर आणि फियाट गाड्यांच्या काळातला मिस्त्री हे पुरते जाणून होता. गाडी दाराशी आली की तो लांब दांडीचा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवी आणि त्याची मूठ कानाशी धरून आतला आवाज ऐके. धुराचा रंग तो न्याहाळी. धूर काळा असेल तर पेट्रोल अधिक जळत आहे, निळा असेल तर ऑइल जळत आहे, पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरत आहे, असे त्याचे ठोकताळे असत. प्लग काढून त्याच्या टोकावरची काजळी तो बोटाने पुसून पाही. त्याचे कान, नाक आणि बोटे हीच त्याची निदानाची साधने होती.

आजच्या मोटारीत ही साधने निरुपयोगी झाली आहेत असे नाही. पण ती पुरेशी मात्र राहिलेली नाहीत. कार्ब्युरेटर गेला आणि पेट्रोल मोजून मापून फवारणारी विद्युत्-नियंत्रित व्यवस्था आली. इंजिनात किती हवा शिरली, पाणी किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, याची खबर देणारे संवेदक जागोजागी बसले. या सर्वांचा हिशेब ठेवणारा एक लहानसा संगणक गाडीच्या पोटात बसला. हिशेबात कोठे तफावत पडली की चालकासमोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळसर दिवा लागतो. हा दिवा मोठा मितभाषी आहे. काही तरी बिघडले आहे, एवढेच तो सांगतो. काय बिघडले आहे ते सांगत नाही. म्हणूनच तो लागला की एखादा गृहस्थ घाबरून गाडी ओढवून नेतो, तर दुसरा दिव्यावर चिकटपट्टी लावून महिनोन् महिने गाडी तशीच हाकतो. दोघांचेही चुकते, कारण दोघांनाही दिव्यामागचा मजकूर वाचता आलेला नसतो.

हा मजकूर वाचण्याचे साधन पूर्वी मोठ्या कर्मशाळांतच असे. आता ते काडेपेटीएवढ्या आकाराचे झाले असून काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत कोणत्याही किमतीत मिळते. ते गाडीत बसवावयाचे आणि मजकूर आपल्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाचावयाचा. मध्ये तार नाही. धारवाडच्या रेल्वे स्थानकाजवळच्या मळमड्डीसारख्या वस्तीत, जिथे घरापुढच्या अंगणात एखादी मोटार उभी असते, तिथे हे काम सकाळच्या चहानंतर पंधरा मिनिटांत उरकते. प्रश्न एवढाच आहे की, त्या लहानशा यंत्राचे ऐकावे किती, आणि कोठे थांबून जाणत्या मिस्त्रीला हाक मारावी.

हा दिवा मोटारीत आला कसा, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. त्याचा जन्म मालकाच्या सोयीसाठी झालेला नाही. १९४३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारे दाट धुरके पसरले. महायुद्धाचे दिवस असल्यामुळे शत्रूनेच विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. पुढे आरी हागन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, मोटारींच्या धुरातील न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर कडक ऊन पडले की त्यांतून ओझोनसारखे दाहक वायू तयार होतात. शत्रू बाहेरचा नव्हताच. तो रोज सकाळी कचेरीस जाणाऱ्या मोटारींच्या नळीतून बाहेर पडत होता. त्यानंतर मोटारींच्या धुरावर कायद्याची बंधने आली. परंतु नवी असताना स्वच्छ असलेली गाडी चार वर्षांनी तशीच राहील, याची हमी कोण देणार? तेव्हा गाडीने स्वतःच स्वतःवर पहारा करावा आणि धूर बिघडू लागताच दिवा लावावा, अशी व्यवस्था निघाली. कॅलिफोर्निया राज्याने १९८८ सालच्या गाड्यांपासून तिचे प्राथमिक रूप सक्तीचे केले. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत तिचे दुसरे, एकसूत्री रूप आले. यालाच ओबीडी-२ म्हणतात. ओबीडी म्हणजे वाहनातच बसविलेली निदानव्यवस्था. युरोपात ती २००१ पासून पेट्रोलच्या आणि २००४ पासून डिझेलच्या मोटारींना लागू झाली. भारतात भारत स्टेज-४ च्या गाड्यांना २०१० पासून तिचे पहिले रूप आणि एप्रिल २०१३ पासून दुसरे रूप आले. १ एप्रिल २०२० रोजी देशभर भारत स्टेज-६ सुरू झाल्यावर हा पहारा अधिक कडक झाला.

या इतिहासातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ही व्यवस्था धुरावर नजर ठेवण्यासाठी आहे. इंजिन, इंधन आणि धूर यांसंबंधीचा मजकूर तिच्याकडून चांगला मिळतो. ब्रेकचे अस्तर झिजले आहे, टायर गुळगुळीत झाले आहे, क्लच घसरतो आहे, याची खबर ती देणार नाही. ब्रेक आणि एअरबॅग यांच्या स्वतंत्र यंत्रणांचा मजकूर स्वस्त यंत्रांना बहुधा वाचताच येत नाही. सबब, पडद्यावर ‘दोष नाही’ अशी अक्षरे उमटली म्हणजे गाडी घाटात न्यायला निर्धोक आहे, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे.

आता यंत्राकडे वळू या. चालकाच्या गुडघ्यावरच्या बाजूला, फलकाच्या खालच्या अंगास, सोळा टाचण्यांचे एक खोबणीवजा जोडस्थान असते. त्याचा आकार एका बाजूने थोडा निमुळता असल्यामुळे यंत्र उलटे बसू शकत नाही. त्यातील सोळाव्या टाचणीला बॅटरीची वीज सदैव चालू असते. चौथी आणि पाचवी या जमिनीच्या, म्हणजे परतीच्या टाचण्या होत. सहावी आणि चौदावी या दोन टाचण्यांवरून बहुतेक नव्या गाड्यांतले संगणक एकमेकांशी बोलतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या या संभाषणपद्धतीस ‘कॅन’ असे नाव आहे. घरगुती यंत्र हे संभाषण ऐकते, त्याला ठरावीक प्रश्न विचारते आणि मिळालेले उत्तर ब्लूटूथच्या लहरींवरून भ्रमणध्वनीकडे धाडते.

बिनतारी हा शब्द धारवाडकरांना नवा नाही. ८ जानेवारी १९५० रोजी येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, तेव्हापासून दूरचा आवाज घरात ऐकण्याची सवय या गावाला आहे. ब्लूटूथचे तत्त्व त्याहून मूलतः वेगळे नाही. फक्त त्याचा पल्ला काही पावलांचाच असतो. त्याच्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी आवर्तनांच्या पट्ट्यात असतात. त्याच्या मूळ प्रकारात त्या ७९ उपपट्ट्यांवरून सेकंदाला १६०० उड्या मारीत जातात, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या यंत्राशी त्यांची गल्लत होत नाही. इथे एक बारीक गोष्ट खरेदीपूर्वीच पाहावी. अँड्रॉइड पद्धतीच्या भ्रमणध्वनीला जुन्या प्रकारचे ब्लूटूथ यंत्र चालते. आयफोनला मात्र कमी विजेवर चालणाऱ्या नव्या प्रकारचे किंवा वाय-फायचे यंत्र लागते. ‘ईएलएम ३२७’ हे नाव बाजारातल्या बहुतेक यंत्रांवर छापलेले आढळते. ही मूळ चकती कॅनडातील एका कंपनीची; पण तिच्या नकला इतक्या झाल्या की, नुसत्या नावावरून गुणाची खात्री देता येत नाही. अगदी स्वस्त नकला काही गाड्यांशी बोलताच अडखळतात. तेव्हा आपल्या गाडीवर चालल्याचे दाखवील आणि न चालल्यास परत घेईल, अशा दुकानदाराकडून यंत्र घेणे शहाणपणाचे.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. गाडी मोकळ्या अंगणात उभी करावी, हातब्रेक ओढावा, गिअर मोकळा ठेवावा. इंजिन बंद असताना यंत्र खोबणीत बसवावे. मग किल्ली फिरवून फलकावरचे दिवे लागतील इतपतच थांबावे. इंजिन चालू करू नये. भ्रमणध्वनीतील ब्लूटूथ उघडून यंत्राचे नाव शोधावे आणि मागितल्यास संकेतांक द्यावा; तो बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. नव्या प्रकारच्या यंत्राची जोडणी मात्र त्याच्या अनुप्रयोगातूनच करावी लागते. जोडणी झाली की अनुप्रयोग उघडून दोषसंकेत वाचावेत. संकेत दिसताच सर्वांत आधी करावयाचे काम म्हणजे वही काढणे. तारीख, गाडीने कापलेले किलोमीटर आणि संकेताची अक्षरे जशीच्या तशी लिहून ठेवावीत. त्याबरोबर दोष प्रथम आढळला त्या क्षणीची परिस्थितीही गाडीने टिपून ठेवलेली असते. इंजिनाचे फेरे किती होते, वेग किती होता, पाण्याचे तपमान किती होते, हे सारे त्यात मिळते. ही नोंद सोन्याच्या मोलाची असते. कारण बिघाड थंड गाडीत होतो की तापलेल्या, चढावर होतो की उभ्या उभ्या, याचे उत्तर तीत दडलेले असते.

संकेताचे व्याकरणही अवघड नाही. पहिले अक्षर ‘पी’ असेल तर दोष इंजिन वा गिअरच्या व्यवस्थेतला, ‘सी’ असेल तर चाके व ब्रेक यांच्याकडचा, ‘बी’ असेल तर गाडीच्या सांगाड्यातील उपकरणांचा आणि ‘यू’ असेल तर संगणकांच्या आपसांतील संभाषणाचा. त्यापुढचा आकडा शून्य असला तर संकेत सर्व कंपन्यांना समान असतो. एक असला तर तो त्या कंपनीचा खास असतो आणि त्याचा अर्थ त्या कंपनीच्याच पुस्तकात पाहावा लागतो. उदाहरणार्थ, पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात ठिणगीवर इंधन नीट पेटत नाही. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते. पी ०४२० म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक पात्राचे काम मंदावल्याचा संशय.

संशय हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. साऱ्या घरगुती निदानातील घोटाळा इथेच होतो. संकेत ही तक्रार असते. तो निवाडा नव्हे. पी ०१७१ या संकेताकडे पाहा. धुराच्या मार्गात बसलेला प्राणवायू-संवेदक सांगतो की धुरात प्राणवायू जास्त उरला आहे. आता याचे कारण फाटलेली रबरी नळी असेल, हवा मोजणाऱ्या संवेदकावर साचलेली धूळ असेल, पेट्रोलचा पंप क्षीण झाला असेल किंवा धुराच्या नळीस भोक पडून बाहेरची हवा आत शिरत असेल. ज्याने तक्रार केली तो संवेदक बहुधा निर्दोषच असतो. परंतु पडद्यावर संवेदकाचे नाव पाहून तोच बदलण्याची घाई अनेक जण करतात. काही हजार रुपये खर्ची पडतात आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. कोतवालीत वर्दी देणाऱ्यालाच चोर समजून कोंडावे, तसाच हा प्रकार झाला.

‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात रोग ओळखण्याची पाच अंगे सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. मोटारीच्या बाबतीतही ही वर्गवारी नवलाची उपयोगी पडते. बहुतेक दोष प्रथम आढळला की गाडी तो कच्च्या नोंदीत ठेवते आणि दिवा लावीत नाही. हे झाले पूर्वरूप. पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला की नोंद पक्की होते आणि दिवा लागतो, हे रूप. उपशय म्हणजे एखादा उपाय अल्प प्रमाणात योजून त्याच्या परिणामावरून रोग ताडणे. जाणता मिस्त्री याच ठिकाणी आपले कसब दाखवितो.

समजा, मळमड्डीतल्या एका सेवानिवृत्त शिक्षकांची गाडी उभी असताना थरथरू लागली आणि घरच्या यंत्रावर पी ०३०१ हा संकेत आला. त्यांनी तो लिहून घेतला आणि ओळखीच्या मिस्त्रीला दाखवून विचारले, “मिस्त्री, नवीन इग्निशन कॉइल आणून ठेवू का?”

“आत्ताच आणू नका, सर. पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर घालून बघू. कोड तिच्याबरोबर तिसऱ्यावर गेला तर कॉइल खराब. नाही गेला तर ती चांगली.”

“आणि नाही गेला तर मग काय?”

“मग प्लग बघायचा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. पैसे सगळ्यात शेवटी घालायचे, सर.”

थंड इंजिनावर कॉइलींची अदलाबदल करण्यास त्याला पाच मिनिटे पुरतात. गाडी पुन्हा चालविल्यावर संकेत पी ०३०३ असा आला तर निदान झाले. या संभाषणात यंत्राने मिस्त्रीची जागा घेतलेली नाही, की मालकाने त्याच्यावर अविश्वास दाखविलेला नाही. उलट, ‘गाडी काही तरी करते’ या मोघम वाक्याऐवजी एक नेमका प्रश्न त्याच्यापुढे आला. वर्षानुवर्षे गाडीमालक आणि मिस्त्री यांच्यात एक अदृश्य भिंत उभी असते. काय बदलले हे मालकाला कळत नाही, म्हणून तो संशय घेतो. संशय दिसतो म्हणून प्रामाणिक कारागीरही दुखावतो. ती भिंत उतरविणे हा या लहानशा यंत्राचा खरा उपयोग आहे.

चालू इंजिनाचे जिवंत आकडेही पडद्यावर वाचता येतात. मात्र इंजिन चालू करावयाचे ते उघड्यावरच. बंद गॅरेजात किंवा दार लावलेल्या शेडमध्ये चालू ठेवलेले इंजिन कार्बन मोनॉक्साइड वायू सोडते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो प्राण घेतो. मोकळ्या जागी इंजिन तापू दिल्यावर पाण्याचे तपमान साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्थिरावले पाहिजे. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, आणि चालू झाल्यावर तो साधारण १३.५ ते १४.५ पर्यंत चढतो. ‘फ्युएल ट्रिम’ या नावाचा एक टक्केवारीचा आकडा दिसतो. संगणक मूळ हिशेबापेक्षा किती पेट्रोल वाढवून वा घटवून देत आहे, ते त्यावरून समजते. हा आकडा दहा टक्क्यांच्या आत असला तर काळजी नको. तो वीस-पंचवीसकडे सरकू लागला तर हवा कोठून तरी चोरवाटेने शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे, असे समजावे.

या आकड्याला अलीकडे एक नवे कारण मिळाले आहे. उसापासून आणि धान्यापासून होणाऱ्या इथेनॉलचे पेट्रोलमधील प्रमाण भारतात २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला मिश्र इंधन थोडे जास्त द्यावे लागते. जुन्या धर्तीच्या हिशेबावर चालणारी गाडी ही वाढ आपोआप करून घेते आणि टक्केवारी काहीशी वर सरकते. हा बिघाड नव्हे. पण ज्या गाडीची टक्केवारी आधीच काठावर होती, तिचा दिवा या कारणाने लागू शकतो. इंधनाला दोष देण्यापूर्वी नळ्या तपासाव्यात, हा धडा यातून घ्यावा.

गावच्या राहणीमुळेही काही दोष उद्भवतात. मुले बंगळूर-पुण्याला आणि घरी दोन वृद्ध माणसे, अशा घरातील गाडी आठवडाआठवडा हलत नाही. बॅटरी उतरते, आणि उतरलेल्या बॅटरीवर संगणक बरळू लागतात. मग ‘यू’ अक्षराचे चार-पाच संकेत एकदम उगवतात. अशा वेळी प्रथम बॅटरी भरून घ्यावी. निम्मे संकेत परत येत नाहीत. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरलेले उंदीर तारा कुरतडतात, तो दोषही संवेदकाच्याच नावाने दिसतो. भारत स्टेज-६ च्या डिझेल गाड्यांची कथा निराळी आहे. त्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडविणारी गाळणी असते. ती तापली म्हणजे साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करते. रोज मंडईपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीची गाळणी कधी तापतच नाही. मग पी २४६३, म्हणजे काजळी साचल्याचा संकेत येतो. सूचना प्रथम दिसताच गाडी बेळगावच्या हमरस्त्यावर अर्धा-पाऊण तास एका वेगाने चालविली तर बहुधा काम भागते. दुर्लक्ष केले तर मात्र खर्च मोठा येतो.

आता सर्वांत मोहाच्या कळीविषयी. प्रत्येक अनुप्रयोगात ‘संकेत पुसा’ अशी एक कळ असते. ती दाबली की दिवा विझतो आणि मनाला बरे वाटते. परंतु थर्मामीटर झटकला म्हणून ताप उतरत नाही. शिवाय संकेताबरोबर त्या क्षणीच्या परिस्थितीची नोंद पुसली जाते आणि गाडीने स्वतःवर घेतलेल्या चाचण्यांचे निकालही नाहीसे होतात. मिस्त्रीच्या हाती पुराव्याऐवजी कोरी पाटी येते. दुरुस्ती झाल्यावर पुसणे योग्य. दुरुस्तीऐवजी पुसणे ही आत्मवंचना. दोष खरोखरच गेला असेल तर तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा साधारणतः आपण होऊनच विझतो.

जुन्या गाडीच्या खरेदीत ही आत्मवंचना परवंचना होऊ शकते. विकणारा आदल्या दिवशी संकेत पुसून ठेवतो आणि घेणाऱ्याला स्वच्छ फलक दाखवितो. तथापि, यंत्राजवळ त्याचेही उत्तर आहे. चाचण्या पूर्ण झाल्या की नाहीत, हे दाखविणारी एक यादी अनुप्रयोगात असते. नेहमी चालणाऱ्या गाडीच्या यादीतील बहुतेक चाचण्या अपूर्ण दिसल्या तर नुकतेच काही पुसले गेले आहे किंवा बॅटरी काढली गेली आहे, असे समजावे आणि त्याचे कारण विचारावे. आयुष्याची पुंजी घालून जुनी गाडी घेणाऱ्या कुटुंबाला हा एक प्रश्न मोठ्या नुकसानीतून वाचवू शकतो.

काही पथ्ये शेवटी सांगितली पाहिजेत. दिवा स्थिर असेल तर सवडीने पण लवकर तपासणी करावी. तो उघडझाप करू लागला तर न पेटलेले पेट्रोल उत्प्रेरक पात्रात जाऊन ते जळण्याचा धोका असतो. तेव्हा वेग उतरवावा आणि शक्य तितक्या लवकर थांबावे. ऑइलच्या दाबाचा किंवा तपमानाचा तांबडा दिवा लागला तर यंत्र शोधीत बसू नये. सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. गाडी चालविताना पडद्याकडे पाहू नये. काम झाले की यंत्र खोबणीतून काढून ठेवावे. कारण त्या सोळाव्या टाचणीवरची वीज ते रात्रंदिवस पीत राहते, आणि ती खोबण म्हणजे गाडीच्या संगणकात शिरण्याचे दारच असल्यामुळे सोप्या संकेतांकाचे यंत्र तीत कायम ठेवणे म्हणजे त्या दाराला कडी न लावणे होय. अनुप्रयोग विनाकारण संपर्कसूची मागू लागला तर देऊ नये. आणि वाचण्यापलीकडे जाऊन गाडीच्या संगणकातील मांडणी बदलण्याचे प्रयोग घरी करू नयेत. नव्या गाडीची हमीही त्यामुळे वादात सापडते.

ज्या घरात हे यंत्र आहे त्या घरात एक वही असावी आणि तीत दर महिन्याला चार ओळी लिहिल्या जाव्यात. तारीख, किलोमीटर, बॅटरीचा दाब, पाण्याचे तपमान आणि संकेत असल्यास संकेत, एवढेच पुरे. वर्षभराने ती वही चाळणाऱ्या मिस्त्रीला गाडीची प्रकृती आजारी पडण्यापूर्वीच कळू लागते. बिघडलेला धूर गाडीच्या मालकाला दिसत नाही. तो मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या छातीत शिरतो. त्यांच्यासाठीच हा दिवा गाडीत बसविला गेला. तो लागला की त्याचा मजकूर वाचावा, लिहून ठेवावा आणि ज्याला त्याचा उलगडा होतो त्याच्या हाती सोपवावा, इतके कर्तव्य प्रत्येक मोटारमालकाला सहज पार पाडता येण्यासारखे आहे.